शेवटचा रकाना

सुमनताई नव्या माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी कोपर बघायच्या.

२००५ च्या जूनमध्ये मी लंडनजवळच्या रीडिंगला त्यांच्या घरी भाड्याची खोली बघायला गेले. अंगात अर्ध्या बाह्यांचा कुर्ता होता. त्यांनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या आणि माझा डावा हात मनगटाशी धरून उजेडाकडे वळवला. मग उजवा. मला वाटलं, काहीतरी लागलंय किंवा चिकटलंय.

"कोरी आहेस," त्या म्हणाल्या. "चल, खोली दाखवते."

दुसरी कोणी असती तर तिथेच विचारलं असतं, कोरी म्हणजे काय. मी विचारलं नाही. पुण्यातल्या माझ्या शाळेने मला दोन गोष्टी नीट शिकवल्या, इंग्रजी बोलणं आणि गप्प बसणं. त्यातली दुसरी मला जास्त चांगली जमायची. खोली मागच्या बागेकडे तोंड करून होती, ऑफिसला जायची बस कोपऱ्यावर थांबत होती, मी हो म्हटलं. त्यांनी पूर्ण नाव विचारलं. आडनाव सांगताना मी जराशी अडखळले, कारण त्यांच्या बैठकीत समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि दारावरच्या पाटीवर वाघमारे लिहिलेलं होतं, आणि असल्या गोष्टी कशा ओलांडायच्या ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते अडखळणं ऐकलं. त्या नर्स होत्या, नर्सला ऐकू येतंच.

"चहात साखर किती?" त्यांनी विचारलं, आणि तो विषय आमच्यात पुन्हा आला नाही.

तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. औरंगाबादला नर्सिंग शिकल्या, तेविसाव्या वर्षी इंग्लंडला आल्या, पस्तीस वर्षं वॉर्डात उभं राहून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. उंची बेताची, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, कार्डिगनच्या छातीवर उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ, ते निवृत्तीनंतरही उतरलं नव्हतं. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद लंडनमध्ये ईलिंगला राहायचा. तो इथेच जन्मलेला, आईशी मराठीत सुरुवात करायचा आणि वाक्य संपेपर्यंत इंग्रजीत पोचायचा.

त्या घरात सगळं लिहिलेलं असायचं. दुधाच्या डब्यावर तो कधी उघडला ती तारीख. बॉयलरच्या दारावर दोरीने बांधलेली छोटी वही. फ्रिजवर एक कागद होता, त्यावर मी राहायला आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एक ओळ दिसली: "गौरी. खोकला, कोरडा. दुसरा दिवस." मला राग आला. माझ्या खोकल्याची नोंद दूध आणि ब्रेडच्या यादीत कशाला? मग ऑफिसला जाताना बसमध्ये लक्षात आलं की या देशात येऊन मला चार महिने झाले होते आणि मी खोकते की नाही हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

"लिहिलं नाही म्हणजे झालं नाही," त्या म्हणायच्या. हे वाक्य औरंगाबादच्या त्यांच्या ट्रेनिंगच्या सिस्टरचं. ती सिस्टर कशी होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तिने एकदा रात्रभर पेशंटजवळ बसलेल्या सुमनला सकाळी फैलावर घेतलं होतं, कारण चार्टवर दोन वाजताचा ताप नव्हता. "मी घेतला होता ग ताप. दोनला घेतला, तीनला घेतला. पण लिहिला नव्हता. ती म्हणाली, मग तू झोपली होतीस."

चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी त्या मंडळाच्या लोकांबरोबर लंडनमध्ये कॅमडेनला जायच्या, किंग हेन्रीज रोडवर ते विद्यार्थी असताना राहिले होते त्या घरासमोर फुटपाथवर उभं राहायला. तिथेही प्रथमोपचाराची पेटी खांद्याला.

"तिथे काय होणारे, ममी?" मिलिंद म्हणायचा. "इट्स अ पेव्हमेंट."

"उन्हाने कोणाला चक्कर आली तर?"

"एप्रिलमध्ये? लंडनमध्ये? ऊन?"

"तू हस. पेटी माझ्या खांद्यावर आहे, तुझ्या नाही."

कोपराचा अर्थ मला कळला तो जुलैतल्या एका शनिवारी. सकाळी सातला त्यांनी माझं दार वाजवलं. "उठलीस का? रेनकोट घे. आणि लांब बाह्यांचं घालू नकोस."

त्यांच्या लहानशा जुन्या गाडीतून आम्ही एम-फोर हायवे धरला, मोठा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलो आणि तासाभराने एका हिरव्या, मेंढ्यांनी भरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी थांबलो. त्या डोंगराच्या अंगावरून वळणं घेत एक करडी रेघ खाली आली होती. जवळ गेल्यावर कळलं की ती सिमेंटची पन्हळ आहे, अर्धगोल, माणूस बसेल एवढी रुंद. वर जायला खुर्च्यांची लिफ्ट. खाली यायला एक बुटकी गाडी, खाली दोन पट्ट्या आणि दोन लहान चाकं, मध्ये एक दांडा. सुमनताई तिला पाट म्हणायच्या, कारण जेवायला पाटावर बसावं तसं तिच्यावर बसायचं. दांडा पुढे ढकलला की चाकांवर पाट पळतो, मागे ओढला की पन्हळीला घासून थांबतो. पट्टा नाही, हेल्मेट नाही, कठडा नाही. वळणावर फार वेग असला तर पाट पन्हळीच्या भिंतीवर चढतो, आणि तुम्ही तोल सावरायला कोपर बाहेर काढता, आणि सिमेंट तेवढ्याचीच वाट बघत असतं.

पायथ्याशी एक लाकडी खोपट होतं, दारावर पांढरा क्रॉस. गेली बावीस वर्षं, एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवारी सुमनताई त्या खोपटात बसत होत्या. पगार नव्हता. कोणी बोलावलंही नव्हतं.

म्हणजे बोलावलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं. गॅरेथ वेगळं सांगायचा. गॅरेथ या घसरगुंडीचा मालक, पन्नाशीचा, लाल मानेचा, हळू बोलणारा. घसरगुंडी त्याच्या वडिलांनी बांधली होती. पहिल्याच भेटीत त्याने मला ती साडीची गोष्ट सांगितली, आणि तो सांगत असताना सुमनताई मागून दुरुस्त्या करत होत्या.

हॉस्पिटलच्या नर्सेसची सहल आली होती. सगळ्या पँटमध्ये, एक साडीत. ("नायलॉनची होती. निळी.") गॅरेथचे वडील म्हणाले, मॅडम, या कपड्यात नाही बसता येणार. ("मॅडम नाही म्हणाले, डिअर म्हणाले.") मॅडमनी पदर कमरेला खोचला आणि बसल्या. दुसऱ्या वळणावर निऱ्या पाटाखाली गेल्या. पाट थांबला, मॅडम थांबल्या नाहीत. ("थांबले मी. थोडं पुढे जाऊन.") डावं कोपर मनगटाकडे अर्ध्यापर्यंत सोललं. तेव्हा प्रथमोपचार म्हणजे गॅरेथच्या वडिलांच्या हातातलं वंगण आणि त्यांचा रुमाल. उरलेली साडी गुंडाळून, वर त्यांचा रेनकोट चढवून ही बाई पायी खाली आली. सगळ्यांना वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, हा माणूस जखमेवर वंगण लावतो, इथे कोणीतरी शिकलेलं बसायला हवं. आणि रेनकोट तसाच घालून पुन्हा लिफ्टमध्ये बसली.

"परत वर गेली," गॅरेथ म्हणाला. "दॅट्स अवर सू."

साडीचा फाटलेला तुकडा त्याच्या वडिलांनी वरच्या खांबाला बांधला होता, वाऱ्याची दिशा कळायला. तो अजून होता. निळा रंग जाऊन राखाडी झालेला, पण नायलॉन कसलं संपतंय! त्या दिवशीचा डाग ताईंच्या डाव्या कोपरावर होता, चकचकीत, रुपयाएवढा. त्यांच्या हातून धुतल्या गेलेल्या जखमांचे डाग मात्र राहत नसत, याचा त्यांना फार अभिमान. म्हणून कोणाच्या कोपरावर तसा डाग दिसला की त्या ओळखायच्या, हा माणूस त्यांच्या आधीचा, किंवा खोपटात न येता तसाच पळालेला. लंडनच्या ट्यूब रेल्वेत, सुपरमार्केटात, एकदा तर त्यांच्या दाताच्या डॉक्टरच्या हातावर त्यांनी तो ओळखला होता. दोघं मग अर्धा तास वळणांची नावं आठवत बसले, दात राहिला बाजूला.

त्या दिवशी मीही उतरले. उतरले म्हणजे, दांडा छातीशी ओढून धरून आले. माझ्या मागून सुटलेला एक माणूस तिसऱ्या वळणावर मला गाठून थांबला आणि उरलेला डोंगर माझ्यामागे बसून, पाय आखडून, अतिशय सभ्यपणे आला. खालून सुमनताईंचा आवाज येत होता. वेल्सच्या त्या शांत डोंगरात, मेंढ्या माना वर करून बघत होत्या, इतक्या जोरात:

"सोड! गौरी, सोड गं तो दांडा! किती ओढशील!"

खाली पोचल्यावर त्यांनी माझी कोपरं तपासली. "कोरी," त्या म्हणाल्या, आणि आवाजात स्पष्ट निराशा होती. "तुझं नाव वहीत यायचं नाही अशाने."

ती वही मोठी, पुठ्ठ्याची, लाल पाठीची. अशा नऊ वह्या खोपटाच्या फळीवर होत्या. पेन्सिलने आखलेले रकाने: वेळ, नाव, वय, कुठे लागलं, काय केलं. नखाएवढं खरचटलं तरी नोंद. साबणाने धुतलं एवढंच असेल तरी नोंद. एक तर मधमाशी चावल्याची होती आणि तिचा घसरगुंडीशी काहीही संबंध नव्हता. हे सगळं इंग्रजीत, सुवाच्य. शेवटी मात्र एक अरुंद रकाना होता, तो मराठीत. मी बाहेर पाऊस होता म्हणून पानं उलटत बसले होते, तेव्हा वाचला. मला मराठी हस्ताक्षर वाचायला वेळ लागतो, अक्षरं जुळवत जुळवत वाचावं लागतं.

"परत वर गेला." "रडली, मग परत वर गेली." "बापाने नको म्हटलं. बाप बघत नसताना परत वर गेली." "परत गेला." "परत." "परत." पानंच्या पानं.

"हे मराठीत का?" मी विचारलं.

"बाकीचं ड्युटीचं," त्या म्हणाल्या. "हा रकाना माझा."

दोन उन्हाळे मी त्यांच्याबरोबर गेले. खोपटात पाणी उकळणं, बँडेजच्या घड्या, लहान मुलांना बिस्किटं. येणारे लोक आता बहुतेक जुनेच असायचे, लहानपणी आईबापांबरोबर आलेले आणि आता पोरांना घेऊन आलेले. त्यातले खोपट चुकवलेले बाही सरकवून पोरांना डाग दाखवायचे आणि पोरं डोळे मोठे करायची. मिलिंदनेही इथेच आठव्या वर्षी गळपट्टीचं हाड मोडून घेतलं होतं. आता तो आपल्या मुलीला दुसरीकडे न्यायचा, नवीन तऱ्हेच्या घसरगाडीवर. तिथे गाडी रुळाला पक्की असते, वर पट्टा बांधतात, वेग मशीनच ठरवतं.

"बांधून खाली पाठवतात," सुमनताई म्हणायच्या. "पार्सल आहे का माणूस?"

"सेफ आहे, ममी."

"पार्सलही सेफच येतं."

२००७ च्या सुरुवातीला गॅरेथला विमा कंपनीचं पत्र आलं. नूतनीकरणाआधी त्यांचा माणूस पाहणीला येणार, अपघातांच्या नोंदी तयार ठेवा. गॅरेथने रीडिंगला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, फोन स्पीकरवर होता. त्याच्याकडे स्वतःचं एक पातळ रजिस्टर होतं, अँब्युलन्स बोलवावी लागली तेवढ्याचंच. तो म्हणाला, कायद्याने तेवढं पुरे असावं. सू, तुझ्या वह्या फळीवरच राहू देत.

"का?" सुमनताईंना खरंच कळलं नाही. "माझ्या वह्यांत सगळं आहे, गॅरेथ. इतक्या वर्षांत कोणी मेलं नाही, कोणाची पाठ मोडली नाही. कोपरं आणि गुडघे, बस. हेच तर दाखवायचंय त्यांना."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. डोळे चमकत होते. माझं काम तेच होतं, ऑफिसात दिवसभर आकडे आणि तक्ते. "गौरी, तू हे कॉम्प्युटरवर घालून देशील? नीट, रकान्यांत?"

पाच रविवार मी टाइप केलं. दुसऱ्याच रविवारी मला कळलं की हे काय होणार आहे. वहीत त्या नोंदी माणसांसारख्या वाटायच्या. पडद्यावर त्या नुसत्या ओळी झाल्या, एकीखाली एक, बोटाने खाली खाली सरकवत राहावं तरी न संपणाऱ्या. वर ठळक अक्षरांत मीच दिलेलं शीर्षक होतं, "इंज्युरीज". साबणाने धुतलेलं बोट आणि मोडलेलं हाड, दोन्हींना एकेकच ओळ.

चौथ्या रविवारी मी धीर करून म्हटलं, "ताई, हे सगळंच द्यायला हवं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे... मोठं तेवढंच. बारीकसारीक काढून."

त्या केटल भरत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "काढून?"

मी सांगायला हवं होतं की तुमच्या खरेपणाचं ते लोक काय करतील हे मला दिसतंय. माझ्याजवळ शब्द होते, तिन्ही भाषांत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर औरंगाबादची ती सिस्टर उभी राहिली होती, आणि मी म्हणाले, "नाही, सहज."

शेवटचा रकाना मी घातला नाही.

हे मला सरळ लिहायला हवं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की तो त्यांचा खाजगी आहे, त्याच म्हणाल्या होत्या. आणि विमा कंपनीच्या माणसासमोर "परत वर गेली" हा कसला डेटा, ऑफिसात कोणी हसलं असतं. आणि ते अक्षर जुळवत वाचायला वेळ लागत होता. ही तिन्ही कारणं खरी आहेत. मी त्यांना विचारलं नाही हेही खरं आहे.

पाहणी मार्चमध्ये झाली, डोंगराच्या पायथ्याच्या कॅफेत. मी सुट्टी घेऊन गेले, लॅपटॉप माझाच होता. विम्याचा माणूस माझ्याहून फार मोठा नसेल, नम्र, थंडीने नाक लाल झालेलं. सुमनताई निळ्या कार्डिगनमध्ये ताठ बसल्या होत्या, घड्याळ लावून, वह्यांचा गठ्ठा मांडीवर. गॅरेथ दाराशी उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

तो माणूस बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, इतक्या उत्तम नोंदी मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या नाहीत.

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. आपलं मूल शाळेत पहिलं आल्यावर बघावं तसं.

मग त्याने विचारलं, "आणि ही प्रत्येक ओळ म्हणजे एकेक इजा?"

"हो," त्या म्हणाल्या. "प्रत्येक. एकही सुटलेली नाही."

तो खाली सरकवत गेला. पडद्याचा उजेड त्याच्या चष्म्यात हलत होता. सुमनताईंना काहीतरी जाणवलं असावं, कारण त्या पुढे झुकल्या. "पण तुम्ही शेवटचा कॉलम बघा. त्यात सगळं आहे." आणि मराठीत मला, हळूच: "दाखव गं त्यांना शेवटचा."

मी लॅपटॉपची कडा चाचपत राहिले.

"गौरी?"

"तो घातला नाहीये, ताई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वॉर्डात आपण एखादं औषध मागावं आणि कपाटात बाटलीच नसावी, तसं. मग त्यांनी मांडीवरची वरची वही उघडून त्या माणसासमोर धरली, अरुंद रकान्यावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागल्या. वेंट बॅक अप. वेंट बॅक अप. क्राइड, वेंट बॅक अप. त्यांचं बोट खाली खाली जात होतं. तो माणूस मान हलवत होता, प्रत्येक ओळीला हलवत होता, आणि पेनचं टोपण लावत होता.

पत्र दोन आठवड्यांनी आलं. चालू हंगामापुरता विमा, सप्टेंबरनंतर नाही. दुसऱ्या कंपन्यांनीही त्या नोंदी मागितल्या, कारण आता त्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या बघून नाही म्हटलं. सप्टेंबरनंतर घसरगुंडी कायमची बंद होणार होती.

मिलिंद आला तेव्हा म्हणाला, "ममी, तू त्यांना स्टिक दिला हातात. मारायला."

"खोटं देऊ?"

"नाही, पण... आय डोंट नो. कमी खरं."

सुमनताई हसल्या नाहीत. मला मात्र त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. फ्रिजवरच्या कागदावर माझा खोकला, माझी सुट्टी, माझं पार्सल, सगळं पूर्वीसारखंच येत राहिलं. मी दोनदा म्हटलं, "ताई, तो रकाना..." दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "जेवून घे आधी."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी डोंगरावर जत्रेसारखी गर्दी होती. लोक कुठून कुठून आले होते, जुने फोटो घेऊन, म्हाताऱ्या बापांना घेऊन. लिफ्टची रांग कॅफेच्या मागे वळली होती. सुमनताई सकाळपासून खोपटात. वही उघडी, रांग तिथेही. त्यांचा एक नियम होता: ड्युटीवरच्या माणसाने उतरायचं नाही. म्हणून त्या वर्षातून एकदाच उतरायच्या, एप्रिलमध्ये, फाटक उघडायच्या आधी. पण आज गॅरेथने वर एक पाट बाजूला काढून ठेवला होता. शेवटी, सगळे गेल्यावर, तो सूचा.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. ओल्या पन्हळीवर दांडा लागत नाही, पाट धरत नाही. म्हणून पाऊस म्हणजे बंद, एका मिनिटात बंद. ही पाटी सुमनताईंनीच भांडून लावून घेतली होती. गॅरेथ धावत खोपटाशी आला. "सू, आत्ता. दहा मिनिटं आहेत, जास्त नाहीत."

त्यांच्यासमोर एक बाई बसली होती, पोटरी सोललेली, वाळू अडकलेली. सुमनताईंच्या हातात चिमटा. त्यांनी दारातून आभाळाकडे बघितलं, मग पोटरीकडे.

"गौरी, तू जा."

"मी? नाही ताई, तुमचा..."

"अर्धवट सोडून कशी उठू? जा. आणि ओढू नकोस."

मी गेले. नाही म्हणायला हवं होतं, त्या बाईची पोटरी मी धरते म्हणायला हवं होतं. लिफ्टच्या खुर्चीत बसल्यावर हे सुचलं, तेव्हा पाय जमिनीवरून सुटले होते. वर खांबाला तो राखाडी नायलॉनचा तुकडा ताठ उडत होता. गॅरेथच्या माणसाने पाट ठेवला. मी बसले आणि दांडा ढकलला, ढकललेलाच ठेवला. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. वारा कानांत होता, डोळ्यांत पाणी होतं, दुसऱ्या वळणावर पाट भिंतीवर चढला आणि मी ओरडले, माझा तसला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. डावं कोपर बाहेर गेलं. ऊन ऊन लागलं, दुखलं नाही. मी तरी ओढला नाही. खाली पोचून उभी राहिले तेव्हा पहिले थेंब पन्हळीवर काळे डाग पाडत होते, आणि वरून गॅरेथच्या माणसाची शिटी ऐकू आली. बंद.

खोपटात आता कोणी नव्हतं. सुमनताईंनी हात धुतले, माझं कोपर उजेडाकडे वळवलं.

"आहा," त्या म्हणाल्या. एवढंच.

धुतलं, खडे काढले, पट्टी बांधली. मी हात हलवला नाही. मग त्या वहीकडे वळल्या. वेळ लिहिली. नाव. वय, ते मला विचारलं, माहीत असून. डावं कोपर. धुतलं, पट्टी. सही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पेन शेवटच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

"'नाही गेली' लिहा," मी म्हटलं.

"नाही गेली कसं लिहू? तुला जायचं होतं ना परत?"

"हो."

"मग?"

त्यांनी पेन वहीच्या घडीत ठेवलं. आम्ही दोघी दारातून त्या ओल्या पन्हळीकडे बघत बसलो. पाणी तिच्यातून खळखळत खाली येत होतं, प्रत्येक वळणाला भिंतीवर चढून. मी म्हणाले, "ताई, मला माफ करा." त्यांनी ऐकलं की पावसात ऐकू गेलं नाही, कळलं नाही. त्यांनी वही मिटली. तो चौकोन कोराच राहिला.

डिसेंबरात माझं काम संपलं आणि मी पुण्याला परत निघाले. हीथ्रोची बस रीडिंग स्टेशनबाहेरून सुटायची. सुमनताई पोचवायला आल्या, टोपी, मफलर, घड्याळ कोटाच्या बाहेर लावलेलं. बॅगा चढल्या. मग त्यांनी माझ्या कोटाची डावी बाही वर सरकवली, आतल्या स्वेटरचीही, आणि कोपर त्या सकाळच्या पांढऱ्या उजेडाकडे वळवलं. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"छान भरलंय," त्या म्हणाल्या. "काहीच राहिलं नाही."

बस सुटली तेव्हा त्या खांबाला टेकून छोट्या वहीत काही लिहीत होत्या, छातीवरचं घड्याळ उचलून बघत. ओळीच्या शेवटाशी हात थांबला आणि त्यांनी मान वर करून बसकडे बघितलं. मी हात हलवला. खिडकीची काच काळी होती, त्यांना दिसला नसावा.